रकाना सातवा

सकाळी नऊला फाटकातून पहिली गाडी आली ती ढकलत.
मागून दोन्ही तळवे टेकून एर्मेते कावाझ्झुती,
वय एक्क्याऐंशी, अंगात लग्नातला कोट,
नखांतलं ग्रीस मात्र तसंच.

"दाखला पाहिजे," म्हणाला,
जणू नगरपालिकेत जन्माची नोंद काढायला आलाय.

मी गाडी लिफ्टवर घेतली.
लाल रंग मूळचा नव्हे. दाराच्या बिजागरीखाली
नखाएवढा राखाडी अजून शाबूत.
मग पातळ कागद आणि शिसपेन्सिल:
चेसिसवर कागद धरून घासत राहिलं
की आकडे आपसूक वर येतात.
सातच्या पोटात आडवी रेघ,
ती आमच्याच जुन्या ठोकणाऱ्याची.
जुळतं.
इंजिन, जुळतं.
तिन्ही कार्बुरेटर. मागचा आस. जुळतं, जुळतं.

गिअरबॉक्स एकशे एकतीस.

तळघरातून चौसष्टची वही आणली.
जांभळ्या शाईत, फोरमनच्या घाईच्या अक्षरात:
एकशे अठरा.

त्याने वहीत पाहिलंसुद्धा नाही.
"एकाहत्तरचा जानेवारी," म्हणाला, "अबेतोनेचा घाट.
तिसऱ्यात टाकला आणि आत दात पडल्यासारखा आवाज.
त्याआधीच्या शरदात इलारिओ शर्यतीत भिंतीवर गेला होता.
गाडी गेली, तोही गेला,
खोका तेवढा ठणठणीत.
त्याच्या बायकोने एप्रनमध्ये गुंडाळून आणून दिला.
म्हणाली, त्याचं काहीतरी तरी घाट चढू दे."

सातव्या रकान्यात दोनच चौकटी आहेत.
मी 'नाही'वर खूण केली.

मला कुणी कठोर म्हणू नये.
गेल्या वसंतात एक गाडी आली होती
दोन अपघातांच्या दोन अर्ध्यांची,
मधला सांधा रंगाखाली पुरलेला.
घेणाऱ्याने द्राक्षमळा विकून पैसे मोजले होते.
तो इथेच, या स्टुलावर बसला होता,
आणि कितीतरी वेळ उठला नाही.
सोन्याला कस लावणारा डोळे झाकून बसला
तर बाजारात पितळच पितळ.

म्हणून एर्मेतेला नियमातली वाट सांगितली:
जुने आराखडे आहेत, साचे आहेत,
कारखाना नवा खोका ओतून देईल,
त्यावर एकशे अठरा ठोकेल,
कोपऱ्यात बारीक खूण, नवा असल्याची.
अकरा आठवडे. मग शिक्कामोर्तब,
चामडी फाइल, आणि किंमत जवळजवळ दुप्पट.

"म्हणजे अजून जो जन्मलाच नाही तो खरा,
आणि पन्नास हिवाळे माझ्या तळहाताखाली फिरला
तो खोटा?"

खोटा नाही म्हणाले, मी म्हणाले.
जुळत नाही म्हणाले.
या दोन शब्दांमधल्या बोटभर फटीत
माझी नोकरी आहे.

तो हसला नाही. कोटाच्या बाहीवर बोटाने
कसलीशी बेरीज केली, पुसली, पुन्हा केली.
घराचं छप्पर गळतं, एवढंच बोलला.
मग सही केली, आडव्या रेघेच्या सातासारखी,
मध्येच कापलेली.

अकराव्या आठवड्यात आला तो टोमॅटोची लाकडी पेटी घेऊन.
गाडी तयार होती. खालून खोका असा चकाकत होता
की त्यात माझा चेहरा दिसावा.
विकत घेणारा बाजूलाच उभा, दोन्ही हातांनी
फाइल धरून, देवळात धरावी तशी.
एर्मेतेने फाइल उघडून पाहिली नाही.
"माझं सामान?" त्याने विचारलं.

पोरांनी जुना खोका पेटीत ठेवला.
खालचा कागद लगेच काळा होत गेला.
दीड वाजताच्या बससाठी
मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले. एक कडी त्याच्या हाती,
एक माझ्या.

"याला काही कागद?"

याला कागद नाही, मी म्हणाले.

"बरं झालं," म्हणाला,
"असता तर हाही विकावा लागला असता."